हिपॅटायटिस सी : औषधचाचणीतील सहभाग

हिपॅटायटिस सीच्या विषाणूवरचे नवे औषध, किंवा जुन्या औषधांची नवी जोडी, बाजारात येण्याआधी रुग्णांवर पारखली जाते. त्या पारखणीत स्वतःच्या संमतीने सामील होणे म्हणजे औषधचाचणीतील सहभाग. रुग्णालयात याला सगळे ‘ट्रायल’च म्हणतात. ‘मला ट्रायलमध्ये घेतलंय’ असे रुग्ण आनंदाने सांगतो, तेव्हा त्याला बहुधा ‘नवे औषध फुकट मिळणार’ एवढेच म्हणायचे असते. उपचारात डॉक्टर समोरच्या माणसाला पाहून औषध ठरवतो. चाचणीत औषध, मात्रा, मुदत आणि तपासण्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात व माणसाला त्यांत बसवले जाते. त्याला गुण आला तर ती जमेची बाजू. आराखडा आखलेला असतो तो पुढच्या रुग्णांसाठी. हिपॅटायटिस सीमध्ये ही जमेची बाजू कुणाच्या वाट्याला आली, हे साल कोणते आणि गट कोणता यावर ठरत गेले.

हा रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग आहे. न तपासता चढवलेले रक्त, पुन्हा वापरलेली सुई, डायालिसिस, नशेसाठी वाटून घेतलेली सिरिंज हे त्याचे नेहमीचे मार्ग. वीस-तीस वर्षे तो चाहूलही लागू देत नाही. कळतो तेव्हा कित्येकांना सिरॉसिस, म्हणजे यकृत वण पडून कडक होण्याचा विकार, झालेला असतो. या संथ चालीमुळे चाचणीत जायचे की थांबायचे, याचा विचार करायला इथे बहुतेकांना वेळ मिळतो. थांबलेलेही पुष्कळ आहेत.

या आजाराची पहिली गाजलेली चाचणी झाली तेव्हा आजाराला धड नावही नव्हते. रक्त चढवल्यानंतर होणारी एक कावीळ ए विषाणूची नव्हती आणि बीचीही नव्हती, म्हणून तिला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. जे हूफनेगल आणि सहकाऱ्यांनी अशा दहा रुग्णांना इंटरफेरॉन, म्हणजे शरीरच विषाणूंविरुद्ध बनवते त्या प्रथिनाचे औषध, टोचून पाहिले. निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले : दहांपैकी आठ जणांची वाढलेली यकृताची एन्झाइमे उतरली होती. विषाणू सापडला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये. म्हणजे आपण नेमक्या कशावर औषध घेतो आहोत हे ठाऊक नसताना त्या दहा जणांनी दंड पुढे केला होता. विषाणूच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले.

इंटरफेरॉनला १९९१ मध्ये आणि त्याच्या जोडीने रिबाव्हिरिन या विषाणूविरोधी औषधाला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे आठवड्यातून एकदाच टोचायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन आले. जीनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) १ च्या रुग्णाला ते ४८ आठवडे घ्यावे लागे. इंजेक्शननंतर फ्लूसारखा ताप, अंगदुखी, कणकण. म्हणून नोकरी करणारे शुक्रवारी संध्याकाळी टोचून घेत आणि शनिवार-रविवार अंथरुणात काढत. हिमोग्लोबिन उतरे, केस गळत, आणि कधी नैराश्य न शिवलेला माणूसही चिडचिडा, रडवेला होई. एवढे करून बरे होणारे निम्म्याच्या आसपास. ज्यांचा विषाणू तरीही गेला नाही त्यांना कमी मात्रेत इंटरफेरॉन देत राहिले तर यकृताची पडझड तरी थांबेल का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ‘हॉल्ट-सी’ ही चाचणी झाली. १,०५० रुग्ण, साडेतीन वर्षे. मधूनमधून यकृतात सुई घालून तुकडा काढणे. २००८ मध्ये निकाल छापून आला : उपयोग नाही. हे कळणेही मोलाचे असते, असे संशोधक म्हणतात आणि ते खरेच आहे. ज्याने साडेतीन वर्षे ताप काढला त्याच्या गळी ते उतरवणे मात्र अवघड. २०१० नंतर नव्या गोळ्यांची बातमी पसरली तशी ‘घाई नसेल तर थोडे थांबा’ असे डॉक्टरच सांगू लागले.

चाचणीतला धोका किती खरा असतो, हे दोन प्रसंगांवरून कळते. पहिला शेजारच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या औषधाचा. १९९३ मध्ये त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, हूफनेगल यांच्याच देखरेखीखाली, फियालुरिडिन हे औषध १५ रुग्णांना दिले गेले. सुरुवातीचे आठवडे चांगले गेले, विषाणू उतरू लागला. मग एकेकाचे यकृत बंद पडू लागले. औषध थांबवूनही पडझड थांबेना, कारण इजा पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांना झालेली होती. सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले, दोघे यकृतारोपणामुळे वाचले. प्राण्यांवरच्या तपासण्यांत हा धोका दिसला नव्हता. आधीच्या छोट्या चाचण्यांत त्याच्या खुणा होत्या, पण त्या मूळ आजाराच्या खाती जमा झाल्या होत्या. दुसरा प्रसंग २०१२ चा आणि थेट हिपॅटायटिस सीचा. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीचे बीएमएस-९८६०९४ हे औषध घेणाऱ्या रुग्णांची हृदये कमजोर पडू लागली. नऊ जणांना रुग्णालयात हलवावे लागले, त्यांतला एक दगावला, आणि ऑगस्टमध्ये ते औषध कायमचे सोडून दिले गेले.

त्याच सुमारास, त्याच विषाणूवर, बऱ्याच अंशी त्याच जातकुळीचे दुसरे औषध न्यूझीलंडमध्ये पारखले जात होते. ते सोफोसबुविर. एडवर्ड गेन यांच्या नेतृत्वाखालील ‘इलेक्ट्रॉन’ चाचणीत जीनोटाइप २ व ३ चे ४० रुग्ण दहा-दहांच्या चार गटांत वाटले गेले. सगळ्यांना सोफोसबुविर आणि रिबाव्हिरिन १२ आठवडे, फरक फक्त इंटरफेरॉनच्या आठवड्यांचा. एका गटाला इंटरफेरॉन अजिबात नव्हते. चाळीसही बरे झाले. मात्र त्याच चाचणीतल्या आणखी एका गटात नुसते सोफोसबुविर मिळालेल्या दहांपैकी सहाच बरे झाले, आणि जीनोटाइप १ च्या ज्या दहा जणांवर पूर्वीचे उपचार मुळीच चालले नव्हते त्यांतला एकच. दार एकच, औषध एकच. आत शिरल्यावर कुणाच्या हाती काय लागले ते पाहावे. ‘ट्रायलमध्ये सगळे बरे झाले’ अशी बातमी कानावर आली की कोणत्या गटातले सगळे, हे विचारावे ते यासाठी.

प्रवेशाआधी छाननी होते. जीनोटाइप, रक्तातील विषाणूंची संख्या, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन, ईसीजी आणि यकृत किती कडक झाले ते पाहायला फायब्रोस्कॅन. यात उजव्या बरगड्यांच्या फटीत यंत्राचे टोक ठेवून टिचकी मारल्यासारखे हलके धक्के देतात आणि किलोपास्कलमध्ये आकडा येतो. अनेक चाचण्यांत १२.५ च्या वर गेला की सिरॉसिस धरतात. रिबाव्हिरिन असेल तर गर्भधारणा टाळण्याची सक्त अट असते, आणि ती पुरुषांनाही, उपचार संपल्यावरही काही महिने. पुढे ठरलेल्या दिवशी उपाशीपोटी हजर व्हायचे, रक्ताच्या चार-सहा ट्यूब द्यायच्या, गोळ्यांची बाटली सोबत आणायची. चाचणीचे रोजचे काम पाहणारा कोऑर्डिनेटर उरलेल्या गोळ्या ताटलीत ओतून मोजतो. दोन जास्त निघाल्या की ‘कुठले दोन दिवस चुकले?’ शेवटची गोळी घेतली म्हणजे काम संपले असे नाही. त्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तरच माणूस बरा झाला असे धरतात. हे मोजमाप विषाणूचे आहे, आयुष्य वाढले की नाही याचे नव्हे, असा आक्षेप कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात घेतला गेला आणि त्यावर यकृततज्ज्ञांत बरीच खडाजंगी झाली.

छाननीत गळालेल्यांना वाईट वाटते. पण गळणीचा खरा फटका नंतर बसतो. नव्या गोळ्यांच्या चाचण्यांत हिपॅटायटिस बी असलेले रुग्ण घेतले जात नसत. औषधे बाजारात आल्यावर ती त्यांनाही मिळू लागली, आणि सी विषाणू गेल्याबरोबर दबून बसलेला बी उसळल्याचे दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये इशारा दिला तोवर अशा २४ घटना नोंदल्या गेल्या होत्या. दोघांचा मृत्यू झाला होता. जे आत आलेच नाहीत त्यांच्याबद्दल चाचणी गप्प असते.

प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, ही सहभागी होणाऱ्याची सर्वांत मोठी धास्ती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्ट्रल-१’ चाचणीत ६२४ जणांना सोफोसबुविर-वेल्पाटासविर आणि ११६ जणांना प्लासिबो मिळाला. पहिल्या गटातील ९९ टक्के बरे झाले, दुसऱ्यातील एकही नाही. मात्र प्लासिबो गटाला नंतर खरे औषध देण्याची सोय आधीच ठेवलेली होती. आजार संथ असल्यामुळे हे चालू शकले. संमतिपत्रात ही वाटणी कशी सांगतात तेही पाहण्यासारखे असते. मराठी मसुद्यांत ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द येतो. तो वाचून मान डोलावणाऱ्याला काही कळलेले नसते. ‘नाणे उडवल्यासारखे, कोणती गोळी तुम्हाला जाईल ते संगणक ठरवणार; डॉक्टरांनाही माहीत नसणार’ असे सांगितले की पुढचा प्रश्न लगेच येतो, आणि तो यायलाच हवा.

भारतात आज याला ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ लागू आहेत. त्यामागे इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने सर्वोच्च न्यायालयात लढवलेल्या औषधचाचण्यांवरच्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. चाचणीची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात आणि निम्मे त्या संस्थेबाहेरचे. संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी निःपक्ष साक्षीदाराची सही. कारण न देता कधीही बाहेर पडता येते, नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. १५ जून २००९ पासून प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या नोंदवहीत आधी नोंद करणे सक्तीचे आहे व ती कुणालाही पाहता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, आणि मृत्यू झाल्यास सूत्राने भरपाई : मूळ रक्कम ८ लाख रुपये, तिला वयाचा आणि जोखमीचा गुणक. ६५ वर्षांवरील निरोगी माणसासाठी हिशेब ३२ लाखांचा होतो. त्याच वयाच्या मध्यम आजारी माणसासाठी १६ लाखांचा. यकृत जितके खराब तितकी भरपाई कमी. गणित म्हणून ते समजते, घरच्यांना समजावणे कठीण.

एका जोडीची गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. सोफोसबुविर एका कंपनीचे, डॅक्लाटासविर दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही एकत्र देऊन २११ रुग्णांवर चाचणी झाली, जानेवारी २०१४ मध्ये छापून आलेले निकाल उत्तम होते. पण सोफोसबुविर तोवर गिलियड कंपनीकडे गेले होते आणि तिला स्वतःच्याच दोन औषधांची जोडी हवी होती. दोन कंपन्यांनी मिळून पुढचा टप्पा केलाच नाही. दरम्यान अमेरिकेत सोफोसबुविरच्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर, १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर ठरली. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला आणि इथे भाव कोसळले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सिरॉसिस नसलेल्या रुग्णाला सरकारी केंद्रावर मोफत मिळते ती हीच जोडी, कंपन्यांच्या व्यवहारात मागे पडलेली. त्या २११ जणांचा उपयोग असा झाला.

मोफत आणि खात्रीचा उपचार हाताशी असताना निव्वळ औषध मिळावे म्हणून चाचणीत जाण्याचे कारण भारतात आता उरलेले नाही. उरल्या आहेत त्या कडेच्या चाचण्या. मलेशिया व थायलंडमध्ये ‘डीएनडीआय’ या ना-नफा संस्थेने ३०१ रुग्णांवर सोफोसबुविर-रॅविडासविर पारखले, ९७ टक्के बरे झाले, आणि २०२१ मध्ये मलेशियाने रॅविडासविरला मान्यता दिली. अमेरिकेत पिट्सबर्गला नऊ गरोदर स्त्रियांना गरोदरपणातच गोळ्या देऊन पाहिल्या. नऊही बऱ्या झाल्या. लसीचे काम मात्र अडून आहे. अमेरिकेत नशेची इंजेक्शने घेणाऱ्या, पण संसर्ग न झालेल्या ५४८ जणांनी एका लसीच्या चाचणीत भाग घेतला. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा लस घेतलेल्या गटात १४ जणांना जुनाट संसर्ग जडलेला होता, आणि प्लासिबो घेतलेल्या गटातही १४.