भांड्यावर नाव 'घालणं' की 'कोरणं', हत्यारांच्या घोळामागची गोष्ट

धातूवर हाताने कोरायला कुठलं टूल घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, कोरायचंय की ठोकायचंय? माणूस गोंधळतो, कारण मराठीत आपण दोन्हीला कोरणंच म्हणतो. कोरताना धातू निघून येतो, बारीक केसासारखा कीस सुटतो. ठोकताना काहीच निघत नाही, धातू दबतो आणि बाजूला सरकतो. हत्यारं वेगळी, धार वेगळी, हाताची पकडसुद्धा वेगळी. बाजारात विचारायला गेलात तर दुकानदार मात्र दोन्हीला 'छिन्नी घ्या ना' म्हणून मोकळा.

हा घोळ आजचा नाही. जुन्या ताम्रपटांची वर्णनं वाचली की दोन नोंदी हमखास सापडतात, एक म्हणजे अक्षरं पत्र्याच्या मागच्या बाजूला उमटलीत की नाही आणि दुसरी, अक्षरांच्या खाचेत हत्याराच्या खुणा दिसतात का. पत्रा पातळ आणि ठोका जोरात असेल तर मागे उठाव येणारच. पण ताम्रपटात लिहिताना सगळ्याला एकच शब्द, 'उत्कीर्ण', म्हणजे कोरलेलं. पुढे पेशवाईच्या शेवटी शेवटी पुण्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरं कोरायला शिकवलं गेलं, तेही छापायचं म्हणून उलटी, आणि त्यातून १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. एवढं मोठं काम, पण त्या माणसाच्या हातात नेमकं काय हत्यार होतं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही, सगळी चर्चा कोणी पैसे दिले याचीच.

मला खरं माहीत आहे ते मात्र घरच्या भांड्यांचं. आमच्या घरात पितळी डबे, तांब्याचा हंडा, सगळं होतं आणि प्रत्येकावर नाव, तारीख, 'सप्रेम भेट' किंवा 'स्मरणार्थ'. नाव घालणारा भांडं मांडीवर घ्यायचा, दोन बोटांत छोटी छिन्नी, दुसऱ्या हातात हलकी हातोडी आणि टक टक टक टक. हात फारसा वळायचा नाही, भांडंच फिरायचं. नीट बघितलं तर रेघ अखंड नसते, बारीक ठोक्यांची माळ असते. म्हणजे हे ठोककामच, आणि म्हणूनच मला वाटतं बायकांनी बरोबर शब्द धरून ठेवला, 'नाव घालून आणलं'. कोरून आणलं असं माझी आजी कधीच म्हणाली नाही.

मग १९६०-७० च्या सुमारास स्टील घरोघरी आलं. कल्हईची कटकट गेली, पितळ मोडीत गेलं, आणि नाव घालणाऱ्याची छिन्नी अडचणीत आली. स्टीलची खोड अशी की ठोकाल तसं ते त्या जागी अजून कडक होत जातं. पितळेवर चुकलेली रेघ पुन्हा त्यावरूनच ठोकून खोल करता येते, स्टीलवर दुसऱ्यांदा गेलात की टोक घसरतं नाहीतर तुटतं. इथे भांड्यांच्या दुकानांनी जो मार्ग काढला तो म्हणजे इलेक्ट्रिक पेन, आणि यावर आजही जुन्या लोकांत दोन तट आहेत. आत टोकाला हलवणारी कॉइल, आपली ५० सायकलची वीज, एका सायकलला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला १०० ठोके. पोरगं आठवड्यात शिकतं. शिवाय कोणालाही आपल्याच अक्षरात लिहिता येतं, हा फायदा मी नाकारत नाही. पण खोली किती? आमच्याकडचं पेनने घातलेलं नाव तारेच्या घासणीने दहा वर्षांत पुसट झालं आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या पितळी डब्यावरची तारीख अजून बोटाला लागते. पेनचं समर्थन करणारे म्हणतात स्टीलवर दुसरा इलाजच नव्हता. होता की, टंगस्टन कार्बाइड, म्हणजे स्टीलहूनही कडक टोकाचं हत्यार, तेव्हाही मिळत होतं, वेळ द्यायची तयारी नव्हती.

आता ज्यांना खरंच कोरायचंय, म्हणजे कीस काढायचाय, त्यांच्यासाठी ग्रेव्हर, म्हणजे हाताने ढकलायची कोरणी. मूठ तळव्यात, अंगठा कामावर टेकलेला, आणि ढकलायचं. सोनार बांगडीवर छिलाई करतो त्याच जातीचं काम. आधी साधं कार्बन स्टील होतं, ते ग्राइंडरवर जरा जास्त दाबलं की टोक निळं पडतं, मग त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. हायस्पीड स्टीलने तो त्रास बराच कमी केला. कार्बाइड अजून कडक पण ठिसूळ. मी ऑनलाइन एक सेट मागवला, पहिल्याच दिवशी स्टीलच्या ताटलीवर टोक उडालं, नंतर कळलं की तोंडाचा कोन फार टोकदार होता, ४५ अंशांच्या जागी मी हौसेने बराच बारीक केला होता. स्टीलला टोक जाडच ठेवावं लागतं आणि खालची टाच, म्हणजे टोकाखालची घासलेली छोटी सपाटी, अगदी आखूड, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नाहीतर वळणावर ती बाहेरची कड ओरबाडते. धार बघायची तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून सरकवायचं, अडकलं तर ठीक, घसरलं तर पुन्हा दगडावर. १९७० च्या दशकात अमेरिकेत हवेच्या दाबावर चालणारे ग्रेव्हर वापरात आले, तेव्हापासून तिकडेही वाद की याला हातकाम म्हणायचं का, कारण ढकलायच्या ऐवजी आत बारीक ठोके बसतात पण कीस मात्र निघतो. म्हणजे ठोकणं आणि कोरणं एकाच मुठीत, घ्या.

आणि आता लेझर. स्टीलवर साधं मार्किंग केलं तर कीसही नाही, ठोकाही नाही, उष्णतेने पृष्ठभागाचा नुसता रंग बदलतो. नखाला काहीच लागत नाही. पावतीवर मात्र लिहून येतं, 'नाव कोरणे'.