लातूरचं ‘वाय के आर डब्ल्यू जे’

माझा मावसभाऊ लातूरला असतो. त्याला अजिबात दिसत नाही, पण कॉम्प्युटरवर त्याचा हात माझ्यापेक्षा झपाझप चालतो. माऊस नाहीच, मॉनिटर बहुतेक वेळा बंद. हेडफोनमधून एनव्हीडीए हे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर इतक्या वेगात बोलतं की मला नुसती फरफर ऐकू येते. ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, कंट्रोल दाबलं की आवाज गप्प.

हा स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं लिहायला घेतला. फुकट आहे, म्हणून आपल्याकडं परवडतो. नावावरून वाटतं, हा स्क्रीन बघत असेल. तसं नाही. तो विंडोजला विचारत राहतो : कर्सर कुठंय, हे बटण की रकाना, आत अक्षरं कोणती? मिळेल ते उत्तर आवाजात बदलतो. वेबसाइट करणाऱ्यानं बटणाला नावच दिलं नसेल, तर बिचारा नुसतं ‘बटण’ म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात भावानं एका कार्यालयाची भरतीची जाहिरात उघडली आणि कानात इंग्रजी अक्षरांचा सडा पडला. “हे काय बोलायलंय रे?” मी मॉनिटर लावला. समोर तर स्वच्छ मराठी!

मजकूर कृतिदेवमध्ये टाइप केलेला होता. टायपिंग क्लासला गेलेल्यांना हा फॉन्ट पाठ असतो. यात ‘डी’ दाबलं की क दिसतो, ‘के’ दाबलं की काना, ‘ई’ दाबलं की म. म्हणजे डोळ्यांना ‘काम’ दिसतं, पण फाईलमध्ये साठतं ‘डी के ई’. ‘लातूर’ या शब्दाचं होतं ‘वाय के आर डब्ल्यू जे’. मराठी फक्त वरच्या रंगाला. एनव्हीडीए रंगाखालचं वाचतं. युनिकोड या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत क ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. फॉन्ट कोणताही लावा, आत क तो क च राहतो आणि बोलताना क च ऐकू येतो.

भावाकडं कृतिदेवचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर होता. त्यानं मजकूर कॉपी करून त्यात टाकला, पहिली दोन पानं बोलायला लागली. तिसरं पान मात्र सही-शिक्क्यासह स्कॅन केलेलं, म्हणजे निव्वळ फोटो. त्यात अक्षरच नाही, तर कन्व्हर्टर बदलणार काय! फोटोतून अक्षरं ओळखणारा ओसीआर लावून पाहिला, तो जोडाक्षरांवर आणि शिक्क्याखालच्या शब्दांवर अडखळला.

शेवटी ते पान मीच वाचून दाखवलं. वयोमर्यादेची ओळ त्यानं दोनदा वाचायला लावली.