भाजीवरचे सूक्ष्मजीव आणि इंदूरचे खत

सेंद्रिय भाजीवर जंतू अधिक, की जनुकीय बदल केलेल्या म्हणजे जीएम भाजीवर? हा प्रश्न हल्ली इंदूरच्या मराठी घरांतही ऐकू येतो. चोइथराम मंडीतली मेथी आणि जैविक बाजारातली दुप्पट भावाची मेथी एकाच ओट्यावर आली की कोणीतरी तो काढतोच. या वादाचा मोठा भाग आपल्याच शहरात घडला आणि आपल्यालाच तो ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली बिहारमधल्या पुसाची सरकारी कृषी संशोधन संस्था सोडून इंदूरला आले. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने पैसा उभा केला आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. आजचे कृषी महाविद्यालय याच जागेवर आहे. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांच्या कामात बरोबरीने होत्या. रसायनशास्त्राच्या बाजूला होते यशवंत वाड. १९३१ साली इंदूरच्या खतपद्धतीवर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. पुढे जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले, वाड मागे पडले.

ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. माळव्यातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या सहज कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरायच्या. बैलगाड्यांची चाके आणि जनावरांचे खूर यांनी त्यांचा चुरा व्हायचा. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यात त्याचे थर लावायचे: काडीकचरा, जनावरांखालचे अंथरूण, गोमूत्रात भिजलेली गोठ्यातली माती, लाकडाची राख, वरून शेणकाला. खड्डा लवकरच तापायचा, ६५ अंशांच्या आसपास जायचा. ठरल्या दिवशी खालीवर करून हवा द्यायची, पाणी मारायचे. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत हाती यायचे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट म्हणजे ती उष्णता. शेणात आतड्यातले जंतू असतात आणि त्यांतले काही माणसाला आजारी पाडतात. खत पुरेसे तापले, नीट उलटले, मुरले, तर ते बहुतेक मरतात. १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी याच पद्धतीने वस्तीतला मैला आणि कचरा निर्धोक करून शेतीला कसा वापरावा, यावर पुस्तिका काढली. म्हणजे सेंद्रिय खतातले रोगजंतू हा प्रश्न इथल्या लोकांनी ९० वर्षांपूर्वीच हातात घेतला होता.

हॉवर्ड इंग्लंडला परतले आणि त्यांचे विचार बाहेर पसरले. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय बागकामाचे मासिक काढले, इंग्लंडमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन ही सेंद्रिय शेतीची संस्था स्थापन झाली. जिवंत माती, निरोगी पीक हा विचार लोकांनी उचलला. खड्ड्याची शिस्त मात्र, माझ्या मते, तितक्या निष्ठेने उचलली गेली नाही.

दुसरा धागा एका जिवाणूचा. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशमाचे किडे मारणारा जिवाणू सापडला. १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांनी तो पिठातल्या पतंगाच्या अळीत पाहिला, आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी पडले. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याचे कीटकनाशक विक्रीला आले. सेंद्रिय शेतकरी आजही त्याची फवारणी करतात आणि प्रमाणपत्राच्या नियमांत ती बसते. याच जिवाणूचा, किडीला मारणारे प्रथिन बनवणारा जनुक कपाशीत घातला, ती बीटी कपाशी. भारतात तिला २००२ साली परवानगी मिळाली आणि निमाडातली शेते तिने भरून गेली. दोन्ही छावण्या एकाच जिवाणूच्या आधाराने उभ्या आहेत. फरक आहेच: फवारलेले उन्हापावसाने लवकर संपते, तर झाडातले प्रथिन हंगामभर तयार होत राहते.

जीएम पिकांबाबत जंतूंची भीती आली ती वेगळ्या वाटेने. १९९४ साली अमेरिकेत फ्लेवर सेव्हर हा जीएम टोमॅटो बाजारात आला. जनुक नीट बसला की नाही हे ओळखायला त्यात कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा खुणेचा जनुकही होता. तो आपल्या पोटातल्या जिवाणूंत शिरला तर? शंका रास्त होती. असे होणे अत्यंत दुर्मीळ, असे तपासण्यांतून दिसले. तरी युरोपने माणसाच्या औषधोपचाराला बाधा आणू शकतील असे खुणेचे जनुक हळूहळू बंद करण्याचे ठरवले. बीटी पिकांच्या मुळांभोवतालच्या जिवाणूंवरही पुष्कळ काम झाले. बहुतेक ठिकाणी माती, हंगाम आणि वाण यांनी पडणारा फरक बीटीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा निघाला.

भाजीवरचे जंतू मोजणे हे मुळात अवघड काम. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवून मोजले तर बरेचसे जिवाणू वाढतच नाहीत, म्हणून जुने आकडे अपुरे. डीएनए वाचता येऊ लागल्यावर चित्र बदलले. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०१९ साली सांगितले की एका सफरचंदात सुमारे १० कोटी जिवाणू असतात. सेंद्रिय आणि साध्या सफरचंदात संख्या सारखीच. सेंद्रियात मात्र प्रकार अधिक. म्हणजे ‘किती’ यापेक्षा ‘कोणते’ हे विचारायला हवे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या मिनेसोटाचा २००४ सालचा अभ्यास. तोडणीच्या सुमारास घेतलेल्या नमुन्यांपैकी सेंद्रिय मालात ९.७ टक्के आणि साध्या मालात १.६ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सापडला. एवढेच ऐकले तर सेंद्रिय हरले असे वाटेल. पण प्रमाणित सेंद्रिय शेतांचा माल साध्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. ज्या सेंद्रिय शेतांत वर्षापेक्षा कमी मुरलेले खत घातले होते, तिथे ई. कोलायचे प्रमाण जुने खत वापरणाऱ्यांच्या १९ पट होते. खत मुरले होते की नाही, हाच खरा फरक. अमेरिकेचे सेंद्रिय नियमही तेच सांगतात: मातीला टेकणाऱ्या भाजीला कच्चे शेण घातले, तर तोडणीआधी १२० दिवस जाऊ द्यायला हवेत.

खताशी संबंध नसलेल्या वाटाही आहेत. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. माग लागला तो एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपर्यंत, आणि मूळ संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. कोमट, ओलसर जागेत मोड येतात तसे जंतूही वाढतात.

आपल्याकडे सेंद्रिय वांगे आणि जीएम वांगे यांची तुलना बाजारातून माल आणून करताच येत नाही. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते २०१४ पासून पिकते, आपल्याकडे नाही. जीएम मोहरीचे प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या भिन्न निकालांवर अडले. इंदूरची तुलना त्यामुळे सेंद्रिय आणि साध्या भाजीचीच. तिच्यासाठी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: शेण किती महिने मुरले होते, शेताला पाणी कुठले, आणि जुडीवर दिवसभर मारले जाणारे पाणी कुठून भरले.