संग्राह्य शॉटगन : सुटे भाग आणि अखंड जतन

जुनी संग्राह्य शॉटगन (छऱ्यांची बंदूक) उकलून तिच्या नळ्या, दस्ता, चाप व स्प्रिंगा निरनिराळ्या गिऱ्हाइकांना विकण्याची रीत संग्राहकांत रूढ आहे. तिच्या मुळाशी साधा हिशेब आहे : मुठीजवळ दस्ता तडकलेल्या बंदुकीला अखंड स्थितीत किंमत कमी येते, परंतु तिचाच फोरएंड (नळ्यांखालचा, हाताने धरायचा पुढचा भाग) किंवा इजेक्टर (रिकामे काडतूस बाहेर फेकणारा भाग) दुसरी बंदूक पुन्हा चालती करू शकतो, आणि मूळ कारखाना बंद पडलेला असल्याने तो भाग नव्याने मिळत नाही. अमेरिकेत कायद्यानेही ही रीत सुकर केली. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार रिसीव्हर, म्हणजे बंदुकीची यंत्रणा ज्यात बसते तो मुख्य भाग, हाच शस्त्र मानला जातो, सुटी नळी किंवा दस्ता नव्हे.

हा हिशेब सर्व बंदुकांना सारखाच लावणे मात्र चूक आहे. मेरिडन (कनेक्टिकट) येथील पार्कर ब्रदर्स, फुल्टन (न्यूयॉर्क राज्य) येथे बनलेली एल. सी. स्मिथ किंवा फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स या दुनळी बंदुकांचे भाग यंत्रावर घडले, तरी त्यांचा अखेरचा मेळ हाताने साधलेला असे. कारागीर नळ्यांच्या बुडाला काजळी फासून त्या ॲक्शनवर (नळ्या ज्याला जोडल्या जातात त्या यंत्रणेच्या भागावर) बसवून पाही, काजळी उमटेल तेथे हलकी कानस चालवी, आणि दोन्ही पृष्ठे नीट टेकेपर्यंत हेच करीत राही. म्हणून एका पार्करच्या नळ्या दुसरीवर सहसा सरळ बसत नाहीत. बसल्या तरी सांध्यात ढिलाई राहू शकते, आणि अशी बंदूक जाणकार कारागिराच्या तपासणीविना चालवणे धोक्याचे असते. पार्करच्या ॲक्शनवर, नळ्यांवर आणि फोरएंडच्या लोखंडावर एकच क्रमांक असे. हे क्रमांक जुळणे हा ते भाग मुळात एकाच बंदुकीसाठी बसवल्याचा महत्त्वाचा पुरावा होय, आणि बंदूक विखुरली की तो पुरावा नष्ट होतो. शिवाय सुटा झालेला नक्षीदार भाग साध्या प्रतीच्या बंदुकीवर चढवून ती उंची प्रतीची म्हणून खपवण्याची वाट मोकळी होते. संग्राहकांचे सर्वांत मोठे नुकसान येथे आहे.

१९१२ मध्ये बाजारात आलेल्या आणि सुमारे वीस लाख बनलेल्या विंचेस्टर मॉडेल १२ या पंप (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याच्या) शॉटगनची गोष्ट निराळी आहे. तिचे बहुतेक भाग अदलाबदल करता येतात, त्यामुळे मोडलेल्या मॉडेल १२ चे भाग दहा चांगल्या बंदुकांना जगवत असतील तर त्यात गैर काही नाही. तिच्याही रिसीव्हरवरचा आणि नळीच्या जोडभागावरचा क्रमांक जुळतो की नाही, हे संग्राहक आधी पाहतात.

इंग्लंडमध्ये १ व २ असे अंक कोरून जोडीने बनवलेल्या बंदुकांबाबत प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तेथे एक बंदूक उकलली की दुसरीही अपुरी होते.

नळी फुटलेली, रिसीव्हरला भेग गेलेली किंवा गंजाने पोखरलेली बंदूक उकलणे रास्तच आहे. आगीत सापडलेल्या बंदुकीबाबत मात्र विशेष सावधगिरी हवी : तापल्याने पोलादाचे पाणी (त्याला दिलेला कठीणपणा) उतरलेले असू शकते, म्हणून तिचे आतले भागही दुसऱ्या बंदुकीत बसवू नयेत. उकलण्यापूर्वी सर्व क्रमांक, प्रूफच्या (नळीच्या मजबुतीची चाचणी झाल्याच्या) खुणा व नक्षी यांची छायाचित्रे घेऊन ती नोंद रिसीव्हरसोबत ठेवावी, आणि विकलेल्या प्रत्येक भागाबरोबर तो कोणत्या क्रमांकाच्या बंदुकीचा होता हे लिहून द्यावे.