पार्श्वभूमी : मराठी पुस्तक विकलं जातं फोनवर, निघतं मात्र कागदावर

पुण्यात आज नवं मराठी पुस्तक निघणार असेल तर त्याची पहिली खबर बहुधा व्हॉट्सॲपच्या गटात येते. मुखपृष्ठाचं चित्र, मलपृष्ठावरचा मजकूर, प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत आणि खाली क्यूआर कोड. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि पत्ता पाठवला की मागणी नोंदली गेली. सगळा व्यवहार फोनवर होतो आणि घरी येतं ते छापील पुस्तक. ई-पुस्तकांची चर्चा इतकी वर्षं चालू असताना असं का, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे मराठी वाचकाला कागद आवडतो. आवडत असेलही. पण वाचकाची आवड विचारात येण्याआधीच दोन गोष्टींनी वाट ठरवून टाकली होती. एक फाँट आणि दुसरी कराच्या कायद्यातली व्याख्या.

खिळे जुळवण्याच्या काळात शिरण्याचं कारण नाही. डीटीपीपासून, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्यापासून, सुरुवात केली तरी पुरे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं बरंच काम पुण्यातच झालं. १९८८ मध्ये इथे सरकारी संगणक संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी मानक संकेतप्रणालीही ठरली. छपाईच्या धंद्यात मात्र वेगळंच रुजलं. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नव्हती, म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले : अर्धा क, काना, वेलांटी, रफार, सगळे सुटे. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायची, फाइलीत असायची रोमन अक्षरांची खिचडी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फाँटमध्ये केलेलं पुस्तक दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नसे. पुस्तक छापून बाजारात जाईपर्यंत याचं कुणाला काही वाटलं नाही. जवळपास पंचवीस वर्षांचं मराठी साहित्य असं बंद फाइलींत साठत गेलं.

इंटरनेट आल्यावर याची किंमत कळायला लागली. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर वाचायचं तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, दुसऱ्या स्थळासाठी दुसरा. विंडोज २००० आणि त्यानंतर एक्सपीमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी, देवनागरी आली, पण डीटीपीच्या टेबलावर जुनेच फाँट राहिले. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोय आली ती २०१२ च्या आवृत्तीत. त्यामुळे बराच काळ लेखक युनिकोडमध्ये टाइप करून बाड पाठवायचा आणि प्रकाशक ते छपाईसाठी पुन्हा जुन्या फाँटमध्ये नेत असे. ई-पुस्तक करायचं झालं की उलटा प्रवास.

त्या उलट्या प्रवासात काय होतं ते मुद्रितशोधकांना विचारावं. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, युनिकोडमध्ये नंतर. रफार याच्या उलट. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर यात चुकलं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. सर्वांत जास्त हाल ‘ऱ्य’चे होतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‌या’ होतं किंवा रफार घेऊन ‘दुसर्या’ होतं. ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांची तीच गत. तीनशे पानांच्या कादंबरीत असे शब्द पानोपानी असतात आणि ते एकेक डोळ्यांनीच शोधावे लागतात. म्हणजे जुन्या पुस्तकाची ई-आवृत्ती काढायची तर मुद्रितशोधनाचा खर्च पहिल्यापासून पुन्हा. हे न करता बाजारात आलेली ई-पुस्तकं वाचून मराठी ई-पुस्तकाचं नाव खराब झालं, त्यात वाचकाचा काही दोष नव्हता.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी पुस्तकं १ डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्वस्त ४जी सुरू झालं होतं, यूपीआयही त्याच वर्षीचं. २०१७ च्या अखेरीस मराठी ऑडिओबुकांची वर्गणीवर चालणारी सेवा आली. दुकान, रस्ता आणि पैसे देण्याची सोय असं सगळं वर्षा-दीड वर्षात जमून आलं. प्रकाशकांच्या हाताशी युनिकोडमधली स्वच्छ पुस्तकं मात्र थोडी होती.

आणि तेवढ्यात जीएसटी आला. त्याचा तपशील नीट पाहायला हवा, कारण पुढची दिशा त्यानं ठरवली.

१ जुलै २०१७ पासून छापील पुस्तकावर कर शून्य आणि ई-पुस्तकावर १८ टक्के अशी विभागणी झाली. छापील पुस्तक ही वस्तू, आणि ऑनलाइन मिळणारं पुस्तक ही सेवा, असा त्यामागचा तर्क. तोच लेखक, तोच मजकूर, पण कर वेगळा. यावर तक्रारी झाल्या आणि जुलै २०१८ मध्ये जीएसटी परिषदेनं ई-पुस्तकावरचा कर ५ टक्क्यांवर आणला. २७ जुलैपासून तो लागूही झाला. बातम्यांमध्ये ‘ई-पुस्तकं स्वस्त’ असं आलं आणि विषय तिथेच संपला, असं बहुतेकांना वाटलं.

अधिसूचनेतली व्याख्या कमी लोकांनी वाचली. तिथे ई-पुस्तक म्हणजे छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती, ऑनलाइन पुरवलेली, संगणकावर किंवा हातातल्या उपकरणावर वाचता येईल अशी. अर्थ असा की जे पुस्तक आधी छापलेलं आहे त्याच्याच ई-आवृत्तीला ५ टक्के. जे पुस्तक कधी छापलंच नाही, थेट डिजिटल निघालं, ते या व्याख्येत बसत नाही आणि १८ टक्क्यांतच राहतं. ऑडिओबुक वाचायचं नसून ऐकायचं असतं, म्हणून तेही बाहेर. शंभर रुपयांच्या पुस्तकावर छापील असेल तर काही नाही, छापील पुस्तकाची ई-आवृत्ती असेल तर पाच रुपये, आणि फक्त डिजिटल असेल तर अठरा.

व्याख्या अशी आवळण्याला कारण असू शकतं. ती सैल ठेवली तर ऑनलाइन अहवाल, अभ्यासक्रम, बाजाराची माहितीपत्रकं, सगळीच ई-पुस्तक म्हणवून घेतील ही भीती खोटी नाही. छापील पुस्तकाला तरी पूर्ण सूट कुठे आहे, कागद आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही, असंही म्हणता येईल. हे मान्य केलं तरी परिणाम उघड आहे. नव्या लेखकाचं, थोड्या वाचकांचं, छापण्याइतकी मागणी नसलेलं पुस्तक, म्हणजे डिजिटलमुळे ज्याला खरा आधार मिळायला हवा होता तेच पुस्तक सर्वांत जास्त कर देतं. कवितेचा पहिला संग्रह, बोलीतल्या कथा, एखाद्या तालुक्याचा इतिहास हे सगळं यात येतं. सवलत हवी तर आधी थोड्या का होईना प्रती छापा, हा त्यातून निघणारा सरळ हिशेब आहे. मागणीनुसार छपाई सोपी झाल्यामुळे तो परवडतोही. डिजिटल पुस्तकाला कागदाचा दाखला जोडायला लावणारी ही तरतूद मराठीसारख्या भाषेवर अन्यायच आहे.

२०१८ मध्येच आणखी दोन गोष्टी घडल्या. गूगलच्या जाहिरातसेवेत हिंदी २०१४ च्या अखेरीला आली होती, मराठीला २०१८ उजाडावं लागलं. म्हणजे मराठी मजकुरावर जाहिरातीचे पैसे मिळण्याची रीतसर सोय चार वर्षं उशिरा झाली. आणि फेसबुकनं, त्याच वर्षीच्या जानेवारीत, मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य देऊन संस्थांच्या फेसबुक-पानांची पोच कमी केली. ज्यांनी चार-पाच वर्षं खपून हजारो वाचक पानाशी जोडले होते, त्यांना त्याच वाचकांपर्यंत पोचायला पैसे भरण्याची वेळ आली. पुण्यातल्या लहान डिजिटल अंकांना आणि प्रकाशकांना तो मोठा फटका होता.

तिथून व्हॉट्सॲपकडे वळणं ओघानं आलं. गटातला संदेश निदान पोचतो, आणि वाचकाचा नंबर स्वतःकडे राहतो. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद पडल्यावर सगळेच या वाटेला लागले. त्याच वाटेनं चोरीच्या पीडीएफही फिरल्या. मे २०२० मध्ये एका हिंदी वृत्तपत्राच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं टेलिग्रामवरच्या अशा वाहिन्या बंद करण्याचा आदेश दिला. पुस्तकांच्या पीडीएफ मात्र थांबल्या नाहीत, आणि ई-आवृत्ती काढायला कचरणाऱ्या प्रकाशकाला आणखी एक कारण मिळालं.

फोनवर नोंदणी, छापील प्रत, टपालानं घरपोच : या पद्धतीचे फायदे खरे आहेत. पैसे आधी येतात, वितरकाकडे उधारी अडकत नाही, किती प्रती छापायच्या याचा अंदाज नोंदणीवरून येतो. प्रकाशनपूर्व सवलत मराठीत जुनीच, तिला फोनमुळे नवा जोर आला. पण पद्धतीचा सगळा भार टपालावर. १८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा बंद केली. टपालखर्चासह किंमत जाहीर करून ज्यांनी पैसे घेतले होते, त्यांच्यावर वाढीव खर्च खिशातून घालण्याची वेळ आली. साडेचार महिन्यांनी, १ मे २०२५ पासून, ज्ञान पोस्ट ही नवी सेवा सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा.

इथेही अट आहेच. ठरावीक काळानं निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेला मजकूर या सेवेत चालत नाही. दिवाळी अंक दरवर्षी निघतो आणि जाहिरातींवरच उभा असतो, त्यामुळे तो दोन्ही अटींत अडकतो. अंकांची आगाऊ नोंदणी फोनवर होते, पाठवणीला मात्र कुरिअर किंवा टपालाचा चढा दर, आणि तो खर्च टाळायचा तर उरते ती ई-आवृत्ती, जिच्यासाठी पुन्हा एकेक ‘ऱ्य’ तपासत बसावं लागतं.