गदेचं वजन: थाळीफेकीपासून भीमापर्यंत

पेडण्याकडच्या दशावतारात किंवा देवळातल्या उत्सवी नाटकात भीम उभा करायचा, तर घोडं अडतं गदेपाशी. गदा पुठ्ठ्याची. नट ती मनगटाने फिरवतो आणि मागच्या रांगेलाही कळतं, हिच्यात वजन नाही. दूरदर्शनच्या 'महाभारता'तले (1988-90) भीम प्रवीणकुमार सोबती यांचं तसं नव्हतं. त्यांची उमेदीची वर्षं खरं वजन फिरवण्यात गेली होती.

जन्म 1947 चा, पंजाबातल्या सरहालीचा. नोकरी सीमा सुरक्षा दलात. 1966 साली किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धांत हातोडाफेकीचं रौप्य, त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्ण आणि हातोडाफेकीचं कांस्य. 1970 ला बँकॉकलाच थाळीफेकीत पुन्हा सुवर्ण, 1974 ला तेहरानला रौप्य. मेक्सिको आणि म्युनिक अशी दोन ऑलिंपिक झाली, पण अंतिम फेरी हुकली.

हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला अडकवलेला गोळा; पुरुषांचा 7.26 किलोचा, तारेसकट सव्वा मीटरच्या आत. वर्तुळ 2.135 मीटर व्यासाचं, त्यात तीन-चार गिरक्या. गोळा बाहेर खेचतो, म्हणून गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून तोल धरायचा. हात नुसते दोरीसारखे ताणलेले. खांद्याने ओढायला गेलं की फेर आखडतो, वेग जातो. पाय कड्यावर पडला तर फेकच बाद. थाळी 2 किलोची, गिरकी दीडच. पण जोर तिथेही आधी पायातून, मग कमरेतून, हात सगळ्यात शेवटी. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा जाळीबाहेर उभं राहून ज्यांनी हे पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्या नटांनी एवढं केलं तरी पुरे: तालमीला दोन-तीन किलो वाळू भरलेली गदा घ्यावी. प्रयोगाला पुठ्ठ्याची आली तरी अंग सवयीने मागे रेलतं.

सिनेमात मात्र सोबतींच्या वाट्याला बहुतेक दांडगटच आले. 'शहेनशाह'मधला मुख्तारसिंग त्यातला लक्षात राहिलेला. संवाद मोजके, कॅमेरा उंचीवर. भीमासारखं राग, भूक आणि माया एकत्र असलेलं काम पुन्हा मिळालं नाही, हे आमच्या मते हिंदी सिनेमाचंच नुकसान.

2013 मध्ये दिल्लीत वझीरपूरहून विधानसभा लढवली, हरले. 2020 च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली आणि नव्या पोरांनीही भीम पाहिला. अखेरच्या दिवसांत त्यांनी, खेळाडूंना मिळणारं निवृत्तिवेतन आपल्याला मिळत नाही, अशी जाहीर तक्रार केली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये दिल्लीत ते गेले.