हिमोग्लोबिन ठीक, पण लोहाचं काय?

बाळाचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) रिपोर्ट आला की घरातल्या सगळ्यांचे डोळे हिमोग्लोबिनवर. आकडा बरा दिसला की आजी म्हणणार, ‘‘चांगलं रक्त आहे गं पोराचं,’’ आणि विषय मिटला. पण ॲनिमिया नसणं वेगळं आणि अंगात पुरेसं लोह असणं वेगळं. बाळाच्या मेंदूपुरता तर हा फरक फारच मोठा आहे.

ॲनिमिया म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं. ते कशामुळे कमी झालं, हे आकडा सांगत नाही. 6 ते 23 महिन्यांच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची हिमोग्लोबिनची किमान मर्यादा आधी डेसिलिटरला 11 ग्रॅम होती, 2024 पासून 10.5 आहे. लोहाची कमतरता म्हणजे शरीरातला साठाच आटणं. तो फेरिटिन या तपासणीत दिसतो. पाच वर्षांखालच्या मुलात फेरिटिन लिटरला 12 मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की साठा संपत आला असं धरतात. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन उगाच चढतं, म्हणून आजारी बाळाचं फेरिटिन ‘नॉर्मल’ आलं तरी त्यावर फार विसंबू नये.

इंदूरकराला हे समजवायला नर्मदेचा नळ पुरे. पाणी एक दिवसाआड, त्यातही एखादी पाळी चुकली की आधी हौद उतरतो. मग झाडांचं पाणी बंद, आंघोळीला अर्धी बादली. स्वयंपाकघरात मात्र शेवटपर्यंत हात आखडत नाहीत. शरीर तसंच वागतं. लोह तुटलं की असेल ते आधी तांबड्या पेशींकडे जातं, मेंदूचा वाटा त्याआधीच कापला जातो. हिमोग्लोबिन घसरेपर्यंत मेंदूची ओढाताण बराच काळ चालू असते.

आणि ही ओढाताण नेमकी वाईट वेळी होते. पहिल्या दोन वर्षांत मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढत असतं, आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस घडत असतो, डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाची यंत्रणा बसत असते. या तिन्ही कामांना लोह लागतं. चिलीमध्ये लोहाअभावी ॲनिमिया झालेल्या 6 महिन्यांच्या बाळांमध्ये कानाकडून मेंदूकडे जाणारे संदेश हळू पोहोचताना आढळले. कोस्टा रिकामध्ये बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांनी अशा बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. औषधानं हिमोग्लोबिन सुधारलं, तरी ज्यांची कमतरता बाळपणी तीव्र होती त्यांचे चाचण्यांतले गुण पुढेही मागेच राहिले. म्हणून आकडा पडेपर्यंत वाट बघणं मला पटत नाही.

पूर्ण दिवसांचं बाळ साधारण 4 ते 6 महिने पुरेल एवढं लोह घेऊन जन्मतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ त्याहून कमी. लिटरभर आईच्या दुधात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. अंगी चांगलं लागतं, पण सहा महिन्यांनंतर ते पुरत नाही. तेव्हा आपल्याकडे काय सुरू होतं? वरणाचं पाणी, तांदळाची पेज आणि बाटलीतून गाईचं दूध. वरणाच्या वरच्या पाण्यात लोह नावालाच. गाईच्या दुधात तर कमीच, वर त्यातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही. दिवसभर बाटली तोंडाला असलेलं बाळ गुटगुटीत दिसतं आणि नेमकं तेच लोहात रिकामं निघू शकतं. घट्ट घोटलेलं वरण, त्यावर दोन थेंब लिंबू, चालत असेल तिथे अंडं किंवा खिम्याची पेस्ट, हे खरं खाणं. चहात बुडवलेलं बिस्कीट तर नकोच. चहा लोहाला अडवतो.

आता उलटी बाजू. हिमोग्लोबिन कमी, पण लोह भरपूर, असंही होतं. थॅलेसेमिया मायनर हा आईवडिलांकडून येणारा रक्तदोष सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत जास्त आढळतो आणि इंदुरात सिंधी वस्ती मोठी. झाबुआ-अलिराजपूरकडच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा आणखी एक आनुवंशिक रक्तदोष आहे. थॅलेसेमिया मायनरमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, लोहाच्या कमतरतेसारखाच लहान येतो. त्यामुळे फसगत होते आणि महिनोन् महिने लोहाचे थेंब चालू राहतात. शुद्ध शाकाहारी आईला बी-12 कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही कमी मिळतं. तिथे पेशी सहसा मोठ्या दिसतात, बाळ मलूल होतं, हसायचं-बसायचं शिकलेलं विसरतं. यालाही घाई हवी, पण औषध वेगळं.

देशभरच्या 2016-18 च्या पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या 41 टक्के मुलांना ॲनिमिया निघाला, लोहाची कमतरता 32 टक्क्यांना. दोन्ही याद्या एकच असत्या तर आकडे जुळले असते.

सरकारी योजनेत 6 ते 59 महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली सिरप मिळतं, त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. शी काळी होते, घाबरू नका. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल माहीत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि बाटली उंचावर ठेवा, कारण जास्त लोह लहान मुलाला विषासारखं बाधतं.